अवघड प्रश्नावर सर्वांचा हक्क

इ. स. १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकातून मांग आणि महार यांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याची लेखिका पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही किशोरवयीन मुलगी होती. ज्या समाजात तिचा जन्म झाला त्या समाजातील मनुष्याने विद्येचे नाव घेणे हाच जेथे पिढ्यान्‌पिढ्या अपराध गणला गेला होता, तेथे थोड्याशा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर तिने आपल्या लोकांच्या दैन्याची कारणे शोधली, मागील राजवटीतील जुलमांचा हिशेब मांडला आणि वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न निर्भयपणे उपस्थित केला. या निबंधाच्या सामाजिक महत्त्वाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने त्याच्याकडे पाहिले असता जी गोष्ट ठळकपणे नजरेत भरते, तिची चर्चा त्या मानाने थोडी झाली. असा निबंध लिहिणाऱ्या मुलीला तिच्या शिक्षकांनी बाराखडी, बेरीज-वजाबाकी आणि कित्त्यावरचे वळणदार अक्षर एवढ्यावर थांबविले नव्हते हे उघड आहे. तिच्या घरी अक्षराची परंपरा नाही म्हणून तिच्यासाठी अभ्यास सोपा करून ठेवावा असे त्यांना वाटले नाही; उलट, त्या काळच्या पंडितांनाही उत्तर देणे जड जावे असा प्रश्न विचारण्याइतकी तिची बुद्धी त्यांनी मोकळी केली.

हुशार विद्यार्थ्यांना आव्हान द्यावे आणि मंद विद्यार्थ्यांना आधार द्यावा, ही अध्यापनाविषयीची समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि वरवर पाहता तीत काही गैर दिसत नाही. तथापि व्यवहारात तिचा अर्थ असा होतो की, ज्याला आव्हान मिळते त्याला आधाराची गरजच नाही असे गृहीत धरले जाते, आणि ज्याला आधार मिळतो त्याच्या वाट्याला बुद्धीला जागे करणारे, विचारात पाडणारे असे काही येतच नाही. त्याने तीच ती सोपी उदाहरणे पुन्हा पुन्हा गिरवीत वर्षामागून वर्षे काढावयाची. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, आव्हान आणि आधार या दोन्ही गोष्टी प्रत्येक मुलाच्या हक्काच्या आहेत. कोणाला किती आधार द्यावा यात फरक करणे हे शिक्षकाचे कौशल्य होय. परंतु अवघड प्रश्न कोणाच्या वाट्याला यावा आणि कोणाच्या येऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार कोणाही शिक्षकाला नाही.

ही समजूत पुण्यातील ज्या व्यवस्थेत मूर्त झाली ती तुकड्यांची व्यवस्था पुष्कळ वाचकांनी स्वतः अनुभवली असेल. एकेका इयत्तेच्या चार-चार, पाच-पाच तुकड्या असलेल्या अनेक मोठ्या शाळांत वार्षिक परीक्षेच्या गुणानुक्रमे मुलांची वाटणी होत असे, आणि पहिले नंबर ‘अ’ तुकडीत, मधले ‘ब’ आणि ‘क’ मध्ये, उरलेले ‘ड’ मध्ये अशी जी यादी जून महिन्यात फळ्यावर लागे, तिने केवळ बसण्याच्या खोल्या ठरत नसत. ‘अ’ तुकडीला शाळेतील नाणावलेले शिक्षक मिळत, स्कॉलरशिपच्या परीक्षेची जादा तयारी मिळे, वक्तृत्वाच्या आणि विज्ञान प्रदर्शनाच्या संधी मिळत. ‘ड’ तुकडीला मिळत असे ती मुख्यतः शिस्त. वर्गातील मुले सारख्या पातळीची असली म्हणजे शिकविणे सोपे जाते, हा या वाटणीमागचा युक्तिवाद प्रामाणिक असेलही. परंतु त्यात मुलाच्या एका वर्षाच्या गुणांवरून त्याच्या पुढील सर्व वर्षांचा निवाडा आगाऊच होऊन जातो.

शिक्षकाच्या मनातील अपेक्षा मुलाच्या प्रगतीवर कसा परिणाम करते, याविषयी रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिओनोर जेकबसन या दोघांनी अमेरिकेतील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मुलांची एक चाचणी घेऊन शिक्षकांना काही नावे देण्यात आली आणि ही मुले या वर्षी झपाट्याने पुढे येणार आहेत असे सांगण्यात आले. वस्तुतः ती नावे केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने निवडलेली होती. वर्षाअखेरीस विशेषतः खालच्या इयत्तांतील त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. या परिणामाचे प्रमाण किती मोठे मानावे याविषयी पुढे तज्ज्ञांत दीर्घ वाद झाला, आणि तो रास्तही होता. परंतु ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला शिक्षक कमी प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तराची कमी वाट पाहतो आणि त्याच्या चुकीकडे कमी लक्ष देतो, हे कोणत्याही वर्गाच्या मागील बाकावर तासभर बसून पाहिलेल्या मनुष्याला वेगळे सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

या प्रश्नाची दोन्ही अंगे पुण्याने फार निष्ठेने, परंतु बहुधा स्वतंत्रपणे जोपासली आहेत. एका अंगाचा प्रारंभ बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने सुरू केलेल्या मुलींच्या शाळेत आहे. तो वाडा २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. ज्यांना विद्येपासून दूर ठेवले त्यांना शाळेत आणणे आणि टिकवून धरणे, हा त्या परंपरेचा गाभा; आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी करताना मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचाही समावेश अभ्यासक्रमात सुचविला होता, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या मुलाला नुसते सही करण्यापुरते शिकवावे, असा तो अभ्यासक्रम नव्हता.

दुसरे अंग तेथून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, सदाशिव पेठेत आहे. डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली आणि १९६९ साली बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी तिची प्रशाला सुरू झाली. पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत न मावणाऱ्या मुलांना स्वाध्याय, प्रकल्प, सहली आणि समाजदर्शन यांतून त्यांच्या बुद्धीला पेलेल एवढे काम द्यावे, हा तेथील विचार होता. संस्थेच्या मानसशास्त्र विभागात, डॉ. उषा खिरे यांच्यासारख्या अभ्यासकांच्या परिश्रमाने, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धान्तावर दीर्घकाळ काम झाले. बुद्धी म्हणजे एका अंकात सांगता येणारी एकजिनसी वस्तू नसून परस्परांहून भिन्न अशा अनेक क्षमतांचा तो समुच्चय आहे, हे त्या सिद्धान्ताचे सार. आता हा विचार निवडक मुलांच्या शाळेत वाढला ही गोष्ट खरी, परंतु त्याचा खरा लाभ निवड न केलेल्या वर्गाला व्हावा असे मला मनापासून वाटते. कारण बुद्धीची अंगे जर इतकी आहेत, तर सर्वच अंगांनी ‘ढ’ असलेला विद्यार्थी पन्नासांच्या वर्गात शोधूनही सापडू नये.

ही दोन्ही अंगे जोडण्याची निकड ज्यांनी राष्ट्रीय पातळीवर मांडली ते जे. पी. नाईक हेही अखेरीस पुण्याचेच झाले. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी १९६४ ते १९६६ या काळात काम केले आणि त्यांची भारतीय शिक्षण संस्था पुढे १९७६ साली पुण्यास आली. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन गोष्टींना त्यांनी भारतीय शिक्षणाचा हाती न येणारा त्रिकोण म्हटले होते. शाळा वाढविल्या की दर्जा घसरतो आणि दर्जा राखू गेले की गरीब बाहेर राहतो, ही त्यांची चिंता. धोरणाच्या पातळीवर हा त्रिकोण फार दूरचा वाटतो. परंतु प्रत्येक शिक्षकाला तो रोज पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, आपल्यासमोरच्या चाळीस-पन्नास चेहऱ्यांत भेटत असतो, आणि म्हणून त्या तासिकेत नेमके काय करता येते हे आता जरा सविस्तर पाहिले पाहिजे.

सहावी-सातवीच्या गणिताचा एक पाठ घेऊ. परिमिती आणि क्षेत्रफळ शिकविताना साधारणतः शिक्षक फळ्यावर सूत्र लिहितात, एक उदाहरण सोडवून दाखवितात आणि तशीच दहा उदाहरणे मुलांना देतात. ज्यांना ती येतात ती मुले दहा मिनिटांत मोकळी होऊन चुळबुळ करू लागतात, ज्यांना येत नाहीत ती शेजाऱ्याच्या वहीत पाहतात, आणि दोघांपैकी कोणीही विचार केलेला नसतो. याऐवजी शिक्षकांनी असा प्रश्न द्यावा: चोवीस मीटर लांबीची दोरी आहे, तिने आयताकृती वाफ्याला चहूबाजूंनी कुंपण घालावयाचे आहे, तर जास्तीत जास्त जागा कुंपणात कशी येईल? या प्रश्नात प्रवेश करण्यास सूत्र पाठ असण्याची गरज नाही. ज्याला गुणाकार नीट जमत नाही तो मुलगा चौकटींच्या कागदावर पाच आणि सात मीटर बाजूंचा आयत काढून आतल्या चौकटी मोजील आणि पस्तीस असे सांगेल. दुसरी मुलगी चार आणि आठ घेऊन बत्तीसवर येईल. तिसरा अकरा आणि एक असा लांबट पट्टा काढील आणि तीच दोरी असून जागा अवघी अकरा कशी झाली, याचे त्याला नवल वाटेल. हे आकडे एका तक्त्यात मांडले की सहा आणि सहा घेतल्यास छत्तीस येतात हे कोणाच्या तरी ध्यानात येते. आणि मग चौरस हा आयत मानावा की नाही यावर वर्गात वाद होतो. तो वाद शिक्षकांनी लगेच मिटवू नये, मुलांकडूनच आयताची व्याख्या वदवून घ्यावी.

पाठाचा खरा रंग येथून पुढे चढतो. पूर्ण संख्यांनाच चिकटून का राहावयाचे, साडेपाच आणि साडेसहा घेतले तर, असे एखादी मुलगी विचारते, आणि गुणाकार करून पावणेछत्तीस हे उत्तर येते, म्हणजे छत्तीसला किंचित उणे. पूर्वी पंतोजींच्या शाळेत ज्या मुलांना पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी मुखोद्गत असत, त्यांनी हे तोंडीच सांगितले असते. ज्यांचे काम आधी संपले त्यांना तशाच प्रकारची आणखी दहा उदाहरणे देणे ही एक प्रकारची शिक्षाच होय. त्यांना अट बदलून द्यावी. वाफ्याची एक बाजू शाळेच्या भिंतीला लागून आहे आणि तेथे दोरी लागत नाही, असे सांगितले की चौरसाचे उत्तर चालेनासे होते, आणि बारा बाय सहाचा, बहात्तर चौरस मीटरचा वाफा सर्वांत मोठा ठरतो. असे का, हा प्रश्न चांगल्या हुशार विद्यार्थ्यालाही बराच वेळ पुरतो. आणि आयताचीच अट काढून टाकली, तर त्याच चोवीस मीटर दोरीचे वर्तुळ सुमारे ४६ चौरस मीटर जागा व्यापते, हे कळल्यावर काही मुले घरी जाऊनही त्याचा पिच्छा सोडत नाहीत. एकच प्रश्न, एकच दोरी. परंतु वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलाला त्यात हात घालता आला आणि पहिल्या नंबराच्या मुलीलाही तो पुरून उरला. सर्वांना आव्हान आणि सर्वांना आधार या संकल्पनेचा व्यवहारातील अर्थ याहून वेगळा नाही.

येथे आधार कोणत्या रूपाने दिला गेला, याकडे लक्ष द्यावे. ज्याला गुणाकार अवघड जात होता त्याला सोपा प्रश्न दिला नाही, चौकटींचा कागद दिला. पुणे जिल्ह्यातील गावांत विहिरीत पोहावयास शिकविताना मुलाच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधतात. विहीर उथळ करीत नाहीत, आणि हात-पाय मारण्याची सवय झाली की डबा सुटतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी, मुलाला एकट्याने जे करता येते आणि जाणत्याच्या मदतीने जे करता येते त्या दोहोंमधील क्षेत्रातच खरे शिकणे घडते, असे जे प्रतिपादन केले, त्याचा आशय हाच आहे. एकट्याला सहज जमणाऱ्या गोष्टीतून नवे शिकणे घडत नाही, आणि मदत मिळूनही जे पेलत नाही त्यातून केवळ अपमान पदरी येतो. म्हणून आधार वेळीच द्यावा लागतो आणि वेळीच काढूनही घ्यावा लागतो. पैकी दुसरी गोष्ट आपल्या शाळांत फार क्वचित घडते. गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि शिकवणीतील तयार उत्तरे हा असा आधार आहे की जो दहावीपर्यंत मुलाच्या पाठीवरून उतरतच नाही.

वर्गात प्रश्न विचारण्याची आपली रीतही तपासून पाहण्यासारखी आहे. शिक्षक प्रश्न विचारतात, पुढच्या दोन बाकांवरचे नेहमीचे चार-पाच हात वर होतात, त्यांपैकी एकाला उत्तर विचारले जाते आणि ते बरोबर आले की सर्व वर्गाला समजले असे मानून पाठ पुढे सरकतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील संवादांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा थोडे अधिक वाढविले असता मुलांची उत्तरे लांब आणि कारणांसहित येऊ लागली, निरुत्तर राहणाऱ्यांची संख्या घटली, आणि ज्यांना शिक्षक मंद समजत होते ती मुलेही बोलू लागली. एका पैशाचा खर्च नाही, कोणाची मंजुरी लागत नाही, असा हा उपाय आहे; आणि तरीही तो अवघड आहे, कारण वर्गातील शांतता शिक्षकाला स्वतःच्या अपयशासारखी वाटते. याला जोड म्हणून आपली जुनी पाटी फार उपयोगी पडते. प्रश्न विचारावा, सर्वांनी आपापल्या पाटीवर उत्तर लिहावे आणि एकाच वेळी पाट्या वर धराव्यात. पन्नास उत्तरे एका दृष्टिक्षेपात दिसतात, कोण कोठे अडले आहे ते कळते, आणि कोणाही एकट्याची चूक चव्हाट्यावर येत नाही.

मुलांनी मुलांना शिकविणे ही रीत तर आपल्या मातीतलीच आहे. जुन्या गावठी शाळांत पुढे गेलेला विद्यार्थी मागच्याला धुळाक्षरे शिकवी. मद्रास येथील अनाथालयाचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी ही भारतीय पद्धत पाहून तिचा प्रयोग केला आणि १७९७ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले; पुढे ती ‘मद्रास पद्धती’ या नावाने इंग्लंडातील शाळांत पसरली. याच विचाराचे ताजे रूप आज पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहावयास मिळते. तेथे निरनिराळ्या वयांची मुले ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवितात, आणि त्यांच्या या शाळेचे नाव २०२५ साली जगातील उत्तम शाळांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम दहांत आले. मात्र या रीतीत एक दक्षता घ्यावी लागते. हुशार मुलाला कायमचा बिनपगारी मदतनीस बनविले, तर त्याचे स्वतःचे शिकणे थांबते आणि दुसऱ्याच्या मनात कायमचे ओशाळेपण बसते. ज्याला गणितात मदत लागते तोच चित्रकलेत, शेतीच्या माहितीत, गोष्ट सांगण्यात दुसऱ्याचा विषयमित्र होईल, अशी भूमिकांची अदलाबदल शिक्षकांनी जाणीवपूर्वक घडवून आणली पाहिजे.

पुण्यातील वर्गांना अलीकडे आणखी एका गोष्टीने बदलून टाकले आहे. शहर चहूकडे वाढले, बांधकामावर मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, तेलंगण, बिहार, झारखंड अशा ठिकठिकाणांहून माणसे आली, आणि महानगरपालिकेच्या एकाच वर्गात घरी कन्नड, तेलुगू, हिंदी किंवा गोरमाटी बोलणारी मुले मराठी मुलांच्या मांडीला मांडी लावून बसू लागली. बांधकामांच्या जागीच जाऊन अशा मुलांना शिकविण्याचे काम प्रा. रजनी परांजपे यांच्या डोअर स्टेप स्कूलने पुण्यात १९९० नंतरच्या दशकापासून चालविले आहे. या मुलांच्या बाबतीत होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे भाषेच्या अडचणीला बुद्धीची अडचण समजणे. पावसाचे पाणी कोठे जाते, हे ज्या मुलीला मराठीत लिहिता येत नाही तिला ते आपल्या भाषेत, चित्र काढून किंवा हातवारे करून उत्तम सांगता येत असेल. तिने आधी तसे सांगावे, मग शेजारणीच्या मदतीने त्याची दोन मराठी वाक्ये व्हावीत, आणि मग ती वहीत उतरावीत. विचार अवघडच राहतो, फक्त वाट लांबविलेली असते. ताराबाई मोडक आणि पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी विकासवाडी उभारली, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणल्या, कारण धाकट्या भावंडाला सांभाळणारी मोठी बहीण त्याशिवाय शाळेत येऊच शकत नव्हती. अडथळा मुलीच्या डोक्यात नव्हता, कडेवर होता. त्यांनी तेथेच उपाय केला.

वहीवरील शेऱ्याविषयी थोडेसे. रूथ बटलर या इस्रायली संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही दिले. प्रगती दिसली ती केवळ अभिप्राय मिळालेल्यांत. गुण आणि अभिप्राय एकत्र दिले की मूल गुण पाहते, शेजाऱ्याचे गुण पाहते आणि वही मिटते. ‘ठीक’, ‘अभ्यास वाढवावा’, ‘अक्षर सुधारावे’ हे आपल्या परिचयाचे शेरे मुलाला पुढचे पाऊल कोठे टाकावे ते सांगत नाहीत. ‘दुसऱ्या पायरीत हातचा विसरलास, तेवढेच पुन्हा करून दाखव’ किंवा ‘कारण छान लिहिलेस, आता याच्या उलट मत असणारा काय म्हणेल ते लिही’ असे एक वाक्य त्याच्या शिकण्यास गती देते. यातील पहिले वाक्य आधार आहे, दुसरे आव्हान. आणि दोन्ही एकाच मुलाच्या वहीत, निरनिराळ्या दिवशी, लिहिता आली पाहिजेत. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना वाचक, लेखनिक किंवा जादा वेळ देण्याची जी तरतूद आहे, तिच्याकडे अजूनही काही पालक आणि शिक्षक सवलत म्हणून पाहतात. वस्तुतः तोही आधारच आहे, आणि तो मिळाल्यावर त्या मुलांकडून विचारांची अपेक्षा इतरांइतकीच ठेवली पाहिजे.

हे सर्व वाचून शिक्षक म्हणतील की, सांगणे सोपे आहे, आमच्याजवळ वेळ कोठे आहे. ही तक्रार रास्त आहे आणि तिची दखल समाजाने गंभीरपणे घेतली पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले, जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांवर शिक्षकांस जुंपू नये असेही सांगितले, आणि त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. म्हणजे आधाराची जबाबदारी कायद्यात नमूद आहे, आव्हानाची नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या प्रेरणेने झालेले ज्ञानरचनावादी काम पाहण्यास राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी लोटल्या. त्या शिक्षकांनी तेथून फरशीवर आखलेली चित्रे आणि रंगीत साहित्य आपल्या शाळांत नेले. ज्यांनी त्याबरोबर मुलांना विचार करू देण्याची रीतही नेली त्यांच्या वर्गांत बदल टिकला, हे माझे मत मी भीडभाड न ठेवता नोंदवितो. चांगला प्रश्न तयार करण्यास फरशी रंगविण्याहून अधिक वेळ लागतो, आणि तो एकट्या शिक्षकाला सुचेलच असे नाही. एकाच इयत्तेला शिकविणाऱ्या शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका एकत्र बसण्यासाठी वेळापत्रकातच राखून दिली, आणि त्या तासिकेत माहिती भरण्याचे तक्ते, दप्तर आणि हजेरीपट यांना मज्जाव केला, तर चोवीस मीटर दोरीसारखे प्रश्न शाळेत आपोआप साठू लागतील. ही तजवीज मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत आहे, मंत्रालयाच्या परवानगीची तीत गरज नाही.

पालकांच्या हातीही एक गोष्ट आहे. पालकसभेत किती गुण मिळाले आणि कितवा नंबर आला, हे विचारण्याची आपल्याला सवय आहे, आणि शिक्षकही तेच सांगण्याच्या तयारीने आलेले असतात. त्याऐवजी, गेल्या महिन्यात माझ्या मुलाला कोणता प्रश्न पहिल्या प्रयत्नात सुटला नाही, तो सुटावा म्हणून तुम्ही त्याला काय दिले, आणि सुटल्यावर त्यापुढचा कोणता प्रश्न विचारला, हे तीन प्रश्न पुण्यातील शंभर पालकांनी जरी येत्या सहामाहीच्या सभेत अदबीने विचारले, तरी शिक्षकांना आपल्या टाचणवहीत त्यांची उत्तरे आधी लिहून ठेवावी लागतील.